आपांचं ॲव्हरेज

१२ नोव्हेंबर, सोमवार

ज्या माणसाने वीस वर्षांत मजुरांच्या व्हॅनमधली एकही सीट रिकामी जाऊ दिली नाही, त्याच्या मुलीला दोनच सीटांची गाडी कशाला हवी? आज जेवताना आपांनी विचारलं. तोंडात घास होता म्हणून मी सुटले. तो गिळल्यावर लगेच दुसरा घेतला. मला उत्तर येत नाही. इथे, वहीत, एकटीनेही येत नाही.

भाषण मात्र येतं. आमच्या खोऱ्यातली हवा, इंधन, मुलांचा दमा. फ्रेस्नोच्या ऑफिसात मला त्याचाच पगार मिळतो. गेल्या आठवड्यात मेंडोटा गावात धुरावर बोलून बाहेर आले आणि माझ्या तियाने, म्हणजे मावशीने, दिलेली जुनी गाडी सुरू केली. एक म्हातारी पदर नाकाला लावावा तशी शाल नाकाला लावून म्हणाली, "बाई, आधी तुमचा धूर बंद करा, मग आमचा बघू." शुक्रवारी ती गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली. महिनाअखेरपर्यंत धड गाडी आणली नाही तर गावोगाव फिरण्याचं काम दुसऱ्या कुणाला देऊ, असं वरिष्ठांनी गोड शब्दांत कळवलं आहे.

आणि काल जाहिरात दिसली. दोन सीटा, तीन सिलिंडर, ॲल्युमिनियमची बॉडी, पेट्रोलच्या जोडीला बॅटरी. हायब्रिड हा शब्द कुणाला माहीत नव्हता तेव्हाची, म्हणजे अकरा-बारा वर्षांपूर्वीची. गॅलनला सत्तर मैल! मी फोटो आपांना दाखवला. त्यांनी फोन हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग परत दिला.

"मागचा भाग कापून टाकलाय का?"

"तिला मागचा भाग नसतोच, आपा."

"मग माणसं कुठे बसवायची, लिसेन्सियादा?" मी पदवी घेतल्यापासून राग आला की ते मला याच नावाने, 'पदवीधर बाई' म्हणून, हाक मारतात.

आमा टोर्टिया उलटत म्हणाली, "बरंच आहे की. कुणी 'मलाही सोड' म्हणायलाच नको."

आमाचा गैरसमज झाला आहे. माझा हेतू तो नाही. गावात चार सीटांची गाडी घेतली की ती दवाखान्याची, बाप्तिस्म्याची आणि विमानतळाची होते, हे खरं आहे. पण माझा हेतू हवा आहे.

१७ नोव्हेंबर, शनिवार

सँगरला जाऊन गाडी पाहिली. विकणारे मिस्टर तोरोसियान, शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे, आता निवृत्त. गाडी विकत घ्यायला गेले होते. तोंडी परीक्षा देऊन आले.

आपा बरोबर होते. ते जुनी गाडी बघायला जातात तेव्हा फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक नेतात. पत्र्यावर फिरवायचं, चिकटलं नाही तिथे पोचा लपवायला पुट्टी भरली आहे, असं समजायचं. आमच्या पार्लियर गावात या चुंबकाचा दरारा आहे. त्यांनी ते दारावर फिरवलं. चिकटलं नाही. बॉनेटवर, छतावर, मागच्या चाकावरच्या झाकणावर, कुठेच नाही. आपा सरळ उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, "मिहा, पोरी, या गाडीत गाडी नाहीच. सगळी पुट्टी आहे."

मिस्टर तोरोसियान इतके हसले की त्यांना अंगणातल्या बाकावर बसावं लागलं. "ॲल्युमिनियम आहे हो! ॲल्युमिनियमला चुंबक कसं चिकटेल?"

हे मला माहीत होतं. आदल्या दिवशी मी त्यावर चार पानं वाचली होती. तरी त्या क्षणी 'सगळी पुट्टी' ऐकून मी गाडीपासून एक पाऊल मागे सरले. माझ्या शिक्षणाची खोली ही एवढी.

आपा खजील झाले नाहीत. चुंबक खिशात टाकलं आणि तळव्याने गाडी चाचपायला लागले, घोड्याच्या अंगावरून हात फिरवावा तशी. डाव्या दाराच्या खाली थांबले. "इथे पोचा आहे. काढलेला." तिथे मला काहीच दिसत नव्हतं. मिस्टर तोरोसियान हसायचे थांबले. "दोन हजार चार साली. शॉपिंग कार्ट."

मग चालवून बघणं. आधी बूट काढायचे! पायमोजे घालून चालवलं की पेडल किती दाबलं ते कळतं, असा त्यांचा नियम. आपांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. त्यांनी तो खुशाल बाहेर ठेवला. गाडीत दोनच माणसं मावत असल्यामुळे मिस्टर तोरोसियान शेजारी बसणार आणि आम्ही एकेक करून चालवणार.

माझी फेरी: ॲव्हरेज एकोणपन्नास. सिग्नलला इंजिन आपोआप बंद पडलं तेव्हा मी किंचाळले. ते म्हणाले, "मुली, तू पर्यावरणाचं काम करतेस ना? मग पेट्रोलवर एवढा राग का?"

आपांची फेरी झाली तेव्हा मी पर्सिमॉनच्या झाडाखाली पडलेलं फळ खात बसले होते. गाडी परत आली ती इतकी हळू की मांजर पुढून निवांत गेलं. मिस्टर तोरोसियान टोपी काढूनच उतरले. "अठ्ठ्याहत्तर! या रस्त्यावर मलासुद्धा अठ्ठ्याहत्तर कधी मिळालं नाही. मुली, तुझे वडील कलावंत आहेत. लोक सिग्नल लाल झाला की ब्रेक मारतात. हे सिग्नल दिसायच्या आधीच पाय काढतात!"

आपा मोजे झटकत म्हणाले, "घाई कशाला करायची?"

मला इतका अभिमान वाटला! येताना नेहमीसारख्या भरलेल्या व्हॅनमध्ये मी त्यांना सांगितलं की जगात काही लोक मुद्दाम असं चालवायला शिकतात, त्यांच्या स्पर्धा होतात. त्यांनी ते तीनदा ऐकून घेतलं.

१८ नोव्हेंबर, रविवार

खरेदीचा नीट विचार.

बॉडी गंजणार नाही. इंजिन साधं आहे. गिअर हाताचे आहेत, हे चांगलं. स्वयंचलितवाल्यांची रड इंटरनेटवर फार आहे. प्रश्न फक्त बॅटरीचा. ती पहिलीच आहे, कधी बदललेली नाही. अशी जुनी बॅटरी काट्यावर भरलेली दिसते आणि चढावर एकदम रिकामी होते म्हणतात. म्हणून डोंगराकडच्या चढावर नेऊन बघायची. पुढच्या शनिवारी या, गाडी तुम्ही दोघंच न्या, असं मिस्टर तोरोसियान म्हणाले. एक अट घातली: "चालवायची ती तुझ्या वडिलांनी. तू नाही."

गाडी चालवण्याचं विद्यापीठ असतं तर मी तिथे नापास झाले असते.

२१ नोव्हेंबर, बुधवार

हिवाळ्यातलं पहिलं दाट धुकं. अंगणातलं लिंबू दिसेना. ऑफिसने घरूनच काम करा म्हणून कळवलं. आपा मात्र माणसं घेऊन मळ्यात छाटणीला गेले आणि वेळेवर परत आले. आपांसारखी भाड्याने मजुरांची ने-आण करणाऱ्या बाकीच्या राइतेरोंनी आज व्हॅन काढल्याच नाहीत.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"धुक्यात उलट बरं असतं. धुक्यात सगळे सारखेच." किती सुंदर वाक्य आहे. सभेत वापरीन.

मात्र दारात वळताना त्यांनी कचऱ्याचा डबा उडवला. शेजाऱ्याने तो सरकवून ठेवला होता, असं त्यांचं म्हणणं. मला तर तो नेहमीच्या जागी वाटला. पण डब्यांकडे मी कधी लक्ष देते?

आणखी एक. व्हॅनमधली पुढची सीट नेहमी ताचोची. ताचो आपांच्याच गावचा, आपांहून दहा वर्षांनी लहान, बडबड्या. आमाने आज सहज सांगितलं की वर्षभरात त्याच्याकडून भाडं घेतलेलं नाही. आपा, जे सख्ख्या मेव्हण्याला भाडं सोडत नाहीत! वय झालं की माणूस उदार होतो, असं दिसतं.

२४ नोव्हेंबर, शनिवार

सगळं नीट क्रमाने लिहायचं आहे, कारण मला ते अजून नीट कळलेलं नाही.

गाडी घेतली. आपा चालवायला, मी शेजारी. चढाला लागेपर्यंत बॅटरीचा काटा भरलेला होता. मग अर्ध्या चढावर पट्ट्या भराभर उतरल्या, शून्य, आणि गाडीतला जीव गेला. मी म्हणाले, "बघा, थकलीय, पण कबूल करत नाही. सपाट रस्त्यावर सगळं ठीक असल्याचं दाखवते."  दुसऱ्या गिअरमध्ये टाकून आपांनी गाडी सावकाश वर नेली.

माथ्यावर थांबलो. खाली खोरं, त्यावर तपकिरी थर. आम्ही दोघंच. माझ्या लक्षात आलं, आपांबरोबर गाडीत मी एकटी कधी बसलेच नव्हते. नेहमी मागे कुणीतरी खोकत, झोपत, कांद्याचं बुरितो खात असतं. मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "हो ना. फार शांत आहे ही गाडी. कुणी बोलतच नाही." मला वाटलं कौतुक करतायत.

परत येताना सूर्य समोर होता. सँगरच्या मोठ्या चौकात त्यांनी लांबूनच पाय काढला, गाडी अलगद येऊन थांबली, इंजिन बंद झालं. मी खूश. मग आपा म्हणाले, "सांग ना."

मी काट्याकडे बघून सांगितलं, "चौऱ्याहत्तर."

"ते नाही गं."

"मग काय?"

"ताचो सांगतो ते."

मागून हॉर्न वाजायला लागले. मी वर बघितलं. सिग्नल हिरवा होता. आम्ही हिरव्यावर थांबलो होतो.

"हिरवा," मी म्हणाले. त्यांनी गाडी काढली. पुढच्या सिग्नलला काही विचारलं नाही. मी आपणहून "लाल" म्हणाले. त्याच्या पुढच्याला "हिरवा." घरापर्यंत आमचं एवढंच बोलणं झालं.

अठ्ठ्याहत्तर. सिग्नल दिसायच्या आधीच पाय काढतात.

२५ नोव्हेंबर, रविवार

चर्चबाहेर ताचोला गाठलं. आधी तो हवापाण्यावर बोलला. मग चिडला.

"मी काय करू? मी सोडलं तर दुसरा कुणी बसेल पुढे. मला निदान मोठ्याने बोलता येतं."

"व्हॅनमध्ये किती जणांना माहीत आहे?"

"ज्यांना कान आहेत त्यांना. मी काय कुजबुजतो?"

"आणि तुम्हाला भाडं माफ."

"हो, माफ! अख्ख्या वाटेवर घसा कोण फोडतं?" मग खालच्या आवाजात, "तुझे आपा आम्हाला कामावर नेतात, ओडिल्या. रात्री दारू पिऊन चालवणारे आहेत, पाऊस आला की पोरांना रस्त्यावर उतरवणारे आहेत. आपा तसं कधीच करणार नाहीत. फक्त त्यांना दिसत नाही."

घरी येऊन आमाला विचारलं. ती बीन्स निवडत होती, मान वर केली नाही.

"मी त्यांच्या मागच्याच सीटवर बसते. मला माहीत नसेल?"

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण उतरून जाऊ कुठे? छाटणी वीस मैलांवर आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू हवेच्या कामात असतेस," ती म्हणाली. टोमणा नव्हता, म्हणूनच लागला.

२६ नोव्हेंबर, सोमवार

डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला. मोतीबिंदू असावा, तपासणीशिवाय सांगता येणार नाही, असेल तर ऑपरेशनने बहुधा दिसेल. ऑपरेशनची तारीख लवकरात लवकर फेब्रुवारीतली. आणि तोपर्यंत छाटणी, आणि सगळं धुकं.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे मनात आलं ते लिहिलं पाहिजे, नाहीतर ही वही कशाला?

मनात आलं: गाडी घेऊन टाकावी. बॅटरीच्या नावाने किंमत थोडी कमी होईल. रोज फ्रेस्नोला जावं, यावं. मला दोनच सीटा असतील. नऊ माणसांना मी नेऊच शकणार नाही, मग माझा काय दोष? आपांचं मला काही माहीत नव्हतं. शनिवारपर्यंत खरंच नव्हतं. शनिवार विसरायचा, बस. मी ऑफिसात बसून हे इतकं व्यवस्थित रचलं की मध्येच समोरच्या फळ्याकडे लक्ष गेलं. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'हवा सगळ्यांची, जबाबदारी सगळ्यांची.'

फळा पुसला. सफाईवाली म्हणाली, "अहो, मी पुसलं असतं."

१२ तारखेच्या प्रश्नाचं उत्तर आमाने त्याच दिवशी टोर्टिया उलटत दिलं होतं. मी 'गैरसमज' असं लिहून ठेवलं आहे. खोडत नाही, राहू दे.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

आपांशी बोलले. गोठ्याइतक्या आमच्या घरात एकांत कुठला. शेवटी व्हॅनमध्ये जाऊन बसलो. मी ड्रायव्हरच्या सीटवर चढले होते, त्यामुळे त्यांना दुसऱ्या बाजूने यावं लागलं.

"फेब्रुवारीत ऑपरेशन," मी म्हणाले. "तोपर्यंत तुम्ही चालवायची नाही."

"मग कोण? ताचो? त्याला लायसन्स नाही. कंत्राटदार एक दिवस थांबेल, दुसऱ्या दिवशी माझी माणसं दुसऱ्याच्या व्हॅनमध्ये. वीस वर्षांत एक ओरखडा नाही, मिहा."

"कचऱ्याचा डबा."

"डबा माणूस नाही."

"पुढच्या वेळी असेल."

त्यांनी तोंड काचेकडे फिरवलं. तिथे शेजाऱ्याच्या भिंतीशिवाय काही नव्हतं. मग म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला वाटलं मी कलावंत आहे."

"हो."

"त्याला सांगू नकोस."

"तुम्ही सोमवारपासून चालवणार का?"

"हो," ते म्हणाले आणि खाली उतरले. किल्ली मात्र व्हॅनलाच राहिली. ते विसरले असतील असं मी धरून चालले आहे.

३ डिसेंबर, सोमवार

झालं ते लिहिते.

शनिवारी मिस्टर तोरोसियानना फोन करून गाडी नको म्हणून सांगितलं. पैसे डोळ्यांसाठी ठेवले आहेत. ते रागावले, मग काकुळतीला आले. "तुझ्या वडिलांना तरी विचार!" मी म्हणाले, आपांना नऊ सीटांचीच सवय आहे. विसालियाचा एक मुलगा गाडी घेणार आहे. त्याने पहिल्या फेरीत बावन्न काढलं. माझ्याहून तीन जास्त. हे त्यांनी मुद्दाम सांगितलं.

कंत्राटदाराला ड्रायव्हर म्हणून माझं नाव दिलं. ऑफिसात वेळ बदलून मागितली. मिळाली, पण वरिष्ठांनी विचारलं, "आणि गावोगाव जाणार कशाने?" व्हॅनने, मी म्हणाले. "ती? आपल्या संस्थेच्या दारात?" मागच्या दारात लावीन म्हणाले.

आज पहाटे बेकरीसमोर धुक्यात सगळे उभे होते. मी ड्रायव्हरच्या दाराशी उभी राहून सांगितलं, आपांना दिसत नाही, फेब्रुवारीपर्यंत मी चालवणार. मोठं गुपित फोडावं तशा आवाजात सांगितलं. कुणी चकित झालं नाही. एका बाईने विचारलं, "तुला धुक्यात येतं का?" तेवढंच. मला येत नाही. तसं सांगितलं. त्या "हळू चालव" म्हणाल्या आणि चढल्या.

ताचो सवयीने पुढचं दार उघडायला गेला. आत आपा बसले होते. कधी आले होते देव जाणे. टोपी डोळ्यांवर, हात छातीवर, माझ्याकडे बघेनात.

"ताचो, मागे," ते म्हणाले. "आणि आजपासून भाडं."

ताचो मागे जाऊन आमाशेजारी पुटपुटत बसला. मी पट्टा लावला, चाक दोन्ही हातांनी धरलं. निघालो. आपा पूर्ण वाटभर बोलले. हळू. अजून हळू. त्याला जाऊ दे. डावीकडे खड्डा आहे. डावीकडे खरंच खड्डा होता. बाकी सगळं ते पाठ म्हणत होते, कारण समोर मलाही काही दिसत नव्हतं.

शेवटच्या चौकात धुक्यात एक उजेड लोंबत होता.

"लाल," आपा ठामपणे म्हणाले.

 मी पुढे वाकून नीट बघितलं.

"हिरवा आहे, आपा."

"मग थांबलीस कशाला? जा ना."

मी गेले.